आंधळ्या विहिरीची घागर

विहीर खोदणाऱ्याच्या नशिबी विहिरीचं पाणी क्वचितच येतं. झरा फुटला की मालक खूश, नारळ फुटतो, गूळ वाटला जातो, आणि खोदणारा सब्बल-टिकाव खांद्यावर टाकून पुढच्या गावाला चालू लागतो. जगाची रीतच आहे ती, तिला शिव्या देऊन काही होत नाही. पण मानोऱ्याहून पोहरादेवीकडे जाताना टेकडीच्या कुशीत हेमसिंग नाईकाचा जो तांडा होता, तिथल्या बंजाऱ्यांनी या रीतीला आपल्यापुरती एक गाठ मारून ठेवली होती. विहिरीच्या कामावर एखादा माणूस दगावला, तर त्या विहिरीची पहिली घागर मालकाच्या घरी जायची नाही, मेलेल्याच्या घरी जायची. मग तो दरडीखाली जावो, सुरुंगानं जावो, नाही तर कामावर असताना साध्या तापानं जावो. काम धरतानाच नाईक हे कबूल करून घेई. आणि एरवी तांड्याकडे ढुंकून न पाहणाऱ्या पाटलांच्या घरच्या सुना अशा वेळी निमूट डोईवर घागर घेऊन टेकडी चढून येत.

तांड्याच्या वरच्या अंगाला एक कोरडी विहीर होती. पाच पुरुष खोल काळा पाषाण फोडला, तरी थेंब लागला नाही. तिला आंधळी विहीर म्हणत. पुढे खाली ओढ्याच्या अंगाला दुसरी खोदली, तिला पाणी लागलं. त्या दिवशी तांड्यातल्या खेमा नावाच्या पोराच्या आज्यानं काय करावं? नव्या विहिरीची एक घागर सुनेकडून भरून घेतली, धापा टाकत टेकडी चढला आणि ती घागर आंधळ्या विहिरीत उपडी केली. सात-आठ वर्षांचा खेमा फिदीफिदी हसला होता. म्हातारा चिडला नाही. तो म्हणाला, "हिनं सांगतलं नसतं का पानी अठी नाई म्हून, तर आपून खाली गेलो असतो का? तिचा वाटा तिले द्या लागते." ज्या सुनेनं घागर भरून दिली ती सुंदरबाई, खेमाची काकी. तिच्या पदराला धरून तिचा पोरगा देवला उभा होता. खेमा आणि देवला चुलत भाऊ, पण एका ताटात जेवून वाढलेले.

सन अठ्ठावन्नच्या संक्रांतीनंतर कारंज्याचे बबनराव मुकादम तांड्यावर आले आणि नाईकाच्या ओट्यावर बसून म्हणाले, "सरकार विहीर खोदून राह्यलं गुजरातेत. खोदनारे मानसं पायजेत." तांड्याचं आपसातलं बोलणं गोरमाटीत चाले, पण बाहेरच्याशी वऱ्हाडीत.

"पानी किती पुरुसावर हाय?" हेमसिंग नाईकानं विचारलं.

"पान्याची नोहे, नाईक. तेलाची. मातीच्या तेलाची."

ओट्याभोवतीची माणसं पोट धरून हसली. मातीचं तेल, म्हणजे घासलेट, विहिरीतून निघतं? ते तर कारंज्याच्या दुकानातून निघतं. परदेशी कंपनीच्या चौकोनी डब्यातून येतं, तेल संपलं की डब्याची बादली होते. ते कुठल्या मातीतून येतं हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. फक्त म्हाताऱ्यांना आठवत होतं, की लढाईच्या वर्षांत बोटी येईनाशा झाल्या तेव्हा वऱ्हाडातली गावंच्या गावं दिवेलागणीला झोपत होती. दूर समुद्रापलीकडे कोणी तरी नळ आवळला, की इथल्या चुलीपुढे अंधार होतो, हे त्यांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या हाती मात्र तो नळ कधीच नव्हता.

"गोरे लोक म्हनत, या मुलखात तेल नाई," बबनराव म्हणाले. "आता सरकार म्हनते, आपली जमीन आपून पाहू. त्याच्यासाठी सरकारनं खातंच उघडलं. मालक सरकार. म्हनजे मालक आपून."

नाईक हसला नाही. त्यानं नेहमीची अट घातली. "मानूस दगावला तर पयली घागर त्याच्या घरी."

"कबूल," बबनराव म्हणाले. बबनरावांना कबूल म्हणायला काय जात होतं? जीभ घरचीच होती.

खेमा आणि देवला निघाले. देवलाचं लग्न होऊन वर्ष उलटलेलं, बायको बेबीबाईला नुकतेच दिवस गेलेले. निघताना सुंदरबाईनं दोघांच्या पाठीवर सारखाच हात फिरवला आणि खेमाला म्हणाली, "तू मोठा हायेस. त्याले पाह्यजो." कारंज्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं भुसावळ, सुरत, आणि पुढं समुद्राच्या बाजूचं खारं, उजाड रान. दोघांनी विहिरीत उतरायचे दोर, पाळण्याची टोपली, सब्बल, टिकाव असा सगळा संसार वाहून नेला होता. तिथं जाऊन पाहतात तर काय, विहीर थाळीएवढी. आकाशाला भिडलेला एक लोखंडी डोलारा, त्याच्या पोटातून गरगर फिरत खाली जाणारा पाइप, आणि जमिनीला एक भोक, ज्यातून माणूस सोडा, मांजरसुद्धा उतरलं नसतं. देवला आपली टोपली हातात धरून त्या भोकाकडे पाहत राहिला. तिथले यंत्रावरचे मजूर हसून हसून बेजार झाले. पुढं कितीतरी दिवस त्याला 'टोपलीवाला' म्हणत.

पण देवला रागावला नाही, त्याचा स्वभावच तो नव्हता. त्याला गारा कालवायचं काम मिळालं. ते यंत्र चिखल पीत असे. मऊ माती पाण्यात कालवून, गाठी फोडून, तो गारा पाइपातून खाली सोडायचा आणि तो परत वर यायचा, पाताळातला चुरा घेऊन. देवला तो चुरा बोटांत चोळून पाही, वास घेई. साहेब लोकही तेच करत, फक्त भिंगातून. रात्री झोपताना एकदा तो खेमाला म्हणाला, "आपून उतरत नाई, पन माती तर आपल्या हातची उतरते. मंग आपूनच उतरल्यासारखं नाई का?" खेमाला त्या बोलण्यात काही दम वाटला नाही. तो लगेच झोपला. पुढं हे वाक्य त्याला कितीदा आठवणार होतं हे तेव्हा ठाऊक असतं, तर तो जागा राहिला असता.

चैत्रात, उन्हं तापली तेव्हा, काटेरी झुडपाखाली ठेवलेला मातीचा ढीग उपसताना देवलाच्या पोटरीला फुरसं चावलं. तिथल्या डॉक्टरनं जमेल ते केलं. दोष कोणाचाच नव्हता. दोष नसला की दुःख कमी होतं असं ज्यानं म्हटलं असेल त्याला कोणी जवळचं गेलेलं नसावं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता देवला गेला. खाडीच्या काठी त्याला अग्नी दिला. तिकडे डोलाऱ्यावर यंत्राची घरघर चालूच होती. खेमाला त्या आवाजाचा असा राग आला, की हातातलं लाकूड घेऊन धावत जावंसं वाटलं. शेजारी दौलतराव उभे होते, खात्याचे पर्यवेक्षक, मूळचे वाशीमचे, म्हणून या दोघांवर त्यांचा जीव. ते हळूच म्हणाले, "थांबवता येत नाही रे. थांबवलं तर पाइप खालीच धरला जाईल. त्याचं सगळं काम मातीत जाईल." खेमानं लाकूड खाली टाकलं.

तो तांड्यावर परतला तेव्हा हातात देवलाचं धोतर, अस्थींचं गाठोडं आणि ती टोपली होती. सुंदरबाई रडली, पदर तोंडात कोंबून रडली, बेबीबाईला उराशी धरून रडली. तेराव्यानंतर तिनं खेमाला समोर बसवलं.

"पयली घागर कधी येते?"

सरकारी विहिरीची घागर? ते खातं दिल्लीचं, ती विहीर साऱ्या मुलखाची. पण समोर बसलेल्या काकीला नाही कसं म्हणायचं? ज्याला सांभाळायला सांगितलं होतं त्याचं धोतर घेऊन आलेल्या माणसानं?

"येते काकी," तो म्हणाला. "तेल लागलं का येते."

सुंदरबाई उठली. कोनाड्यातला दिवा तिनं पुसला, वात काढून टाकली आणि दिवा पालथा घातला. "मंग देवलाच्या विहिरीचं तेल येईन, त्या दिशी दिवा लावीन. दुकानातलं तेल माह्या घरात नाई जयनार."

बाईचा शब्द म्हणजे काळा पाषाण. त्या दिवसापासून त्या घरात दिवा लागला नाही. दिवस मावळायच्या आत सासूसुना भाकर खाऊन घ्यायच्या आणि अंधारात बसून राहायच्या. भादव्यात बेबीबाईला कळा आल्या, तेव्हा सुईण पंचफुला कंदील घेऊन आली. सुंदरबाईनं तो उंबऱ्याबाहेर ठेवायला लावला. दारातून जेवढा उजेड आत आला, तेवढ्यात पोराचा जन्म झाला. पंचफुला बाहेर येऊन जे बोलली ते लिहिण्याजोगं नाही, पण चुकीचंही नाही.

तांडा हळूहळू कुजबुजू लागला. काजळ धरायला दिवा नाही, म्हणून पोराला तीट लागत नव्हती. ज्याच्या अंगावर तीट नाही त्या पोराला कोणाची नजर लागेल, सांगता येतं का? शेवटी बेबीबाईचा भाऊ भाऊसिंग आला. उंच, आडदांड गडी, पण बहिणीवर माया करणारा. तो सुंदरबाईच्या दारात बसला आणि म्हणाला, "मावशी, तुहा पोरगा गेला, मले समजते. पन माही बहीन जित्ती हाय. होळीले पोराची धुंड हाय. अंधाऱ्या घरच्या दारात धुंड होते का? होळीच्या आंधी दिवा लागला तर ठीक, नाई तर मी दोघायले घेऊन जातो. तिकडंच धुंड करतो, तिकडंच नाव ठेवतो." धुंड म्हणजे पोराची पहिली होळी. सारा तांडा त्याच्या दारात काठ्या वाजवत जमतो, गातो, त्याला नाव देतो. ज्या तांड्यात धुंड झाली, पोरगा त्या तांड्याचा.

बेबीबाई पोराला पाजत आत बसली होती. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

खेमाला हे सगळं स्वतःच्या छातीवर ठेवल्यासारखं वाटत होतं. एका शब्दानं, एका 'येते' नं, त्यानं दोन बायका आणि एक तान्हं पोर अंधारात बसवलं होतं. दसरा होताच तो परत गुजरातेत गेला.

डोलारा जागेवर नव्हता. जिथं देवला गारा कालवत असे तिथं सुकून भेगा पडलेला खड्डा होता, आणि थाळीएवढ्या विहिरीच्या तोंडावर सिमेंटचं टोपण. खेमा धावत दौलतरावांच्या तंबूत गेला.

"कोरडी निघाली," दौलतराव म्हणाले. "सातशे पुरुषांवर गेलो होतो. नुसतं खारं पाणी."

एकाएकी खेमाचा तोल सुटला. "यासाठी मेला तो? भोकासाठी? गोरे म्हनत होते नाई म्हून, त्याइचं ऐकलं असतं तं माहा भाऊ जित्ता असता."

दौलतरावांनी त्याला बोलू दिलं. नंतर हातातली पेन्सिल खाली ठेवून ते सावकाश म्हणाले, "गोऱ्यांचं खरं होतं की खोटं, ते सोड. पण खेमा, त्यांच्या घरी तेलाच्या भरलेल्या विहिरी आहेत. आपल्या इथं कोरडी विहीर खोदायची हौस त्यांना कशाला असेल? कोरड्या विहिरी ज्याच्या त्यालाच खोदाव्या लागतात. ही खोदली, म्हणून कळलं, की खालचा थर तिकडं चढत जातो, आणि तेल चढावालाच साठतं. डोलारा आता दोन कोसांवर आहे. सरकारनं यासाठीच हे अंगावर घेतलं. दहा कोरड्या निघाल्या तरी अकरावी खोदायची, एवढी छाती एकट्यादुकट्याची नसते."

खेमाला अर्धं समजलं, अर्धं नाही. तो त्या दोन कोसांवरच्या डोलाऱ्यावर कामाला लागला, आणि गारा कालवायचंच काम त्यानं मागून घेतलं. फाल्गुनात, होळी आठवड्यावर आली असताना, एके सकाळी वर येणाऱ्या गाऱ्याचा रंग बदलला. त्यावर बुडबुडे आले, तवंग आला, आणि थोड्या वेळानं एक काळपट, जाडसर धार उसळली. माणसं नाचली. साहेब लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, एका म्हाताऱ्या सरदार मिस्त्रीनं ते तेल कपाळाला लावलं आणि रडायला बसला. आपल्या जमिनीनं आपल्याला तेल दिलं होतं, आणि ते पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं की ते आपणच दिलं. खेमाही नाचला. नाचता नाचता त्याला त्या सिमेंटच्या टोपणाची आठवण झाली, आणि तो बाजूला जाऊन बसला.

संध्याकाळी त्यानं दौलतरावांकडे बाटलीभर तेल मागितलं.

"नेता येत नाही. सरकारी माल आहे. हे माझं नाही, तुझं नाही. सगळ्यांचं आहे."

"सगळ्याइचं हाय," खेमा म्हणाला, "तं माह्या काकीचं बी हाय."

दौलतरावांनी औषधाची एक रिकामी बाटली धुतली, डबक्यात सांडलेल्या तेलातून ती भरली आणि बूच घट्ट बसवलं. "पण ऐक. हे दिव्याचं तेल नाही. कारखान्यात शुद्ध करावं लागतं, मग त्याचं घासलेट होतं. तसा कारखाना आपला आपण अजून उभारायचाय. उभारू." खेमानं मान डोलावली. शहरातल्या काचेच्या दिव्यांना लागत असेल शुद्ध तेल, त्याच्या मनात आलं. तांड्याच्या मातीच्या दिव्याला कसले आलेत नखरे? जवसाचं तेल नाही का, चार दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो. म्हणून त्यानं गाडीत ती बाटली सारा वेळ मांडीवर उभी धरली, हलू दिली नाही. दोन दिवस तो तसाच बसून आला. आणि वाटेत त्यानं ठरवून टाकलं, की कोणत्या विहिरीचं तेल हे काही सांगायचं नाही. तेलाच्या तोंडावर का नाव लिहिलेलं असतं? काकी दिवा लावेल, पोर तांड्यात राहील. एवढ्या पुण्यापुढं खोटं बोलल्याचं पाप ते किती.

होळीला चारच दिवस उरले होते. भाऊसिंग बहिणीला न्यायला बैलगाडी घेऊन आलेलाच होता. बेबीबाईचं गाठोडं गाडीत ठेवलेलं. खेमा बाटली घेऊन आला हे कळताच सारा तांडा सुंदरबाईच्या दारात लोटला. हेमसिंग नाईक काठी टेकत आला. दिवस मावळतीला गेला होता, गुरं परतत होती.

सुंदरबाईनं बाटली हातात घेतली, उन्हाच्या तिरिपेत धरून पाहिली. दिवा तिनं सुलटा केला, कापसाची वात वळली. मग तिनं विचारलं, "तो गारा कालवाचा तो खड्डा, ज्याच्या बाजूनं त्याले डसलं, तठी आता काय हाय रे खेमा?"

खेमानं तोंड उघडलं. बोलायचं ते दोन दिवस घोकून आला होता. पण काकी बाटलीकडे पाहत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती. त्याच्या लहानपणी आज्याला घागर भरून देताना पाहत होती तशीच, सरळ. खोटं त्याच्या ओठापर्यंत आलं आणि तिथंच मेलं.

"काही नाई काकी," तो म्हणाला. "खड्डा सुकला. विहिरीवर सिमिटाचं टोपन हाय. देवलाची विहीर कोरडी निंघाली. हे तेल दुसरीचं हाय. दोन कोसावरच्या."

एक बैल फुरफुरला. बेबीबाईनं दाराआडून पोराला छातीशी घट्ट धरलं. भाऊसिंगानं सुस्कारा सोडला आणि तो उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असलीच तर दया होती. "मंग झालं, मावशी. कोरड्या विहिरीची कुठली आली पयली घागर? चाल बेबे."

"बस," सुंदरबाई म्हणाली.

भाऊसिंग बसला.

"खेमा, ते दुसरी विहीर तठीच काहून खोदली? त्याइले कोनं सांगतलं?"

"पयलीनं सांगतलं," खेमाच्या तोंडून निघून गेलं. "साहेब म्हने, पयली कोरडी निंघाली म्हून समजलं तेल कोनीकडं हाय ते." आणि हे बोलता बोलताच त्याच्या डोळ्यांपुढे टेकडी चढणारा आजा उभा राहिला. इतके दिवस, खारं रान तुडवताना, गाडीत बाटली सांभाळताना, त्याला ते एकदाही कसं सुचलं नव्हतं? माणूस दुःखात असला की घरातलीच वस्तू घरभर शोधतो.

सुंदरबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. "माह्या सासऱ्यानं घागर वाहून नेली होती वरती, आंधळ्या विहिरीत. मीनंच भरून देल्ली. तिचा वाटा तिले द्या लागते म्हने." ती नाईकाकडे वळली. "नाईक, तुमीच सांगा. नव्या विहिरीच्या घागरीवर आंधळीचा हक्क हाय का नाई?"

म्हाताऱ्या हेमसिंगानं काठीवर दोन्ही हात ठेवले. "हाय," तो म्हणाला. "पन ते आंधळी तं लय दूर राह्यली, सुंदर. टोपन हाय तिच्यावर. वतशीन कुठं?"

सुंदरबाईनं घरात पाहिलं. आत काळोख दाटू लागला होता. कोनाडा दिसत नव्हता, चूल दिसत नव्हती, देवलाची टोपली आढ्याला टांगलेली होती तीही दिसत नव्हती.

"आंधळं तं हे घर हाय," ती म्हणाली. "मीनंच केलं."

तिनं बूच काढलं आणि तेल दिव्यात ओतलं. उग्र वास सुटला, पुढं उभ्या असलेल्या बायकांनी नाकाला पदर लावला. खेमानं काडी ओढली. वात पेटायला तयार होईना. दुसरी काडी, तिसरी. मग ती एकदम पेटली आणि तिनं असा धूर सोडला, की जणू डांबराचं पिंपच पेटलं. काळा, जाड, वेटोळी घालणारा धूर आढ्याला जाऊन भिडला. माणसं खोकत मागे सरली. भाऊसिंगाचे डोळे चुरचुरू लागले. पोर रडायला लागलं. ज्योत धड नव्हती, मधूनच फडफडे, मधूनच विझू पाही, आणि उजेडापेक्षा काजळीच जास्त देत होती. दौलतरावांनी बजावलं होतं ते खेमाला आता समजलं. शरमेनं त्याची मान खाली गेली. एवढं करून आणला तो दिवासुद्धा धड नाही.

तेव्हा बेबीबाई उठली. इतक्या महिन्यांत ती कधी कोणाच्या मध्ये आली नव्हती. तिनं पितळी ताटली घेतली, तिला तुपाचं बोट लावलं आणि ती त्या फडफडणाऱ्या ज्योतीवर उपडी धरली. साध्या दिव्यावर काजळ धरायला अर्धी रात्र लागते. इथं बघता बघता ताटलीचं पोट काळंकुट्ट झालं. तिनं ताटली सुलटी केली, काजळ तुपात कालवलं, गाठी फोडून, बोटानं मळून. खेमा ते बोट पाहत राहिला. देवला गारा असाच कालवायचा.

तिनं पोराच्या डोळ्याला काजळ लावलं नाही. उग्र तेल आहे, हे तिला आईपणानंच कळलं असावं. पोराचा उजवा पाय वर करून तळव्याला एक मोठी, ठसठशीत तीट लावली.

"त्याच्या बापाची हाय," ती सासूला म्हणाली. मग भावाकडे न पाहताच म्हणाली, "दादा, गाठोडं खाली घे. धुंड अठीच होईन."

भाऊसिंगानं डोळे पुसले. धुरानं चुरचुरत होते म्हणा, नाही तर काहीही म्हणा. तो गाडीकडे गेला आणि गाठोडं खाली उतरवलं.

सुंदरबाई त्या काळ्या ज्योतीपुढं बसून राहिली. तेल सरेपर्यंत तिनं दिवा विझवला नाही, कोणाला विझवूही दिला नाही. भिंतीवर, कोनाड्यावर, टोपलीवर काजळी बसत राहिली. वात शेवटची फडफडून गेली तेव्हा तिनं हात जोडले.

"पोचली घागर," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, नेहमीच्या आवाजात, "खेमा, सकाळी कारंज्याले जाजो. दुकानातून घासलेट आनजो. आता कोन्तं बी चालते. आपलं येईन तवा आपलं लावू."

होळी झाली, धुंड झाली. सारा तांडा काठ्या वाजवत दारात आला आणि कोनाड्यात दुकानातल्या तेलाचा दिवा स्वच्छ जळत होता. पोराचं नाव सेवादास ठेवलं. सुंदरबाईनं घर सारवलं, भिंती पोतारल्या, पण कोनाड्यावरची काजळी तशीच राहू दिली. आणि पोराच्या तळव्यावरची ती तीट कितीतरी दिवस गेली नाही. बेबीबाई रोज त्याला अंघोळ घाली, आणि तेवढी जागा हलक्या हातानं धुई.